मशीनचं पाप कोणाच्या खात्यावर?

आमच्या फुलपाड्यात, पापडखिंडीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक पोरगा राहतो. बारावी झालेला. एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट. म्हणजे रोज टपरीवाले, भाजीवाल्या, सलूनवाले, रिक्षावाले यांच्याकडनं पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे, हातातल्या मशीनवर आकडा मारायचा, पावती फाडून द्यायची आणि रात्री हापिसात भरणा करायचा. दोन वर्षं नीट चाललं. मग एका महिनाअखेरीला मशीन म्हणालं, अकरा हजार चारशे कमी.

पोरगा म्हणाला, मी घेतले नाहीत. मॅनेजर म्हणाला, मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. आठ दिवसांत भर आणि लिहून दे, नाहीतर पोलिसात देतो.

पोरगा माझ्याकडं आला. विहारात रविवारी आमचा अभ्यासवर्ग चालतो, तिथला तो. मला दादा म्हणतो. "दादा, काय करू?" मी त्याला काय सांगितलं ते इथं लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "भरून टाक. पोलिसात गेलास तर नाव खराब होईल." आणि जिभेवर न आलेलं वाक्य डोक्यात होतं ते असं, की खर्च झाले असतील याच्याकडनं. वयच तसं आहे. म्हणजे फुले-आंबेडकर वाचलेल्या मी पोरावर विश्वास ठेवला नाही, मशीनवर ठेवला.

त्यानं लिहून दिलं. "सदर रक्कम माझ्याकडून खर्च झाली असून मी ती भरत आहे." मजकूर मॅनेजरनं सांगितला, अक्षर पोराचं. मावशीनं डोरलं सोनाराकडं ठेवलं.

चार महिन्यांनी दुसऱ्या लाइनच्या एजंटकडं तसाच आकडा कमी आला. तो जरा भांडखोर निघाला, त्यानं गिऱ्हाइकांच्या पावत्या गोळा केल्या. मग मशीन दुरुस्तीवाल्यानं चहाच्या टपरीवर सहज सांगितलं, अहो, रेंज गेली की एकच नोंद दोनदा चढते या मॉडेलात. धरणाकडं, डोंगराच्या कुशीत, रेंज जातेच. एकच शंभराची नोंद दोनदा चढली की हिशेबात दोनशे, हातात शंभर. गिऱ्हाइकाच्या खात्यात जास्त जमा दिसत होते, पण जास्त जमा झाल्याची तक्रार कोण करतो? मशिनी बदलल्या. आम्ही पैशाचं विचारायला गेलो तर उत्तर आलं, "मीटिंगपुढं ठेवतो." चूक कुणाची विचारलं तर मॅनेजरनं मशीन कंपनीकडं बोट केलं, मशीन कंपनीच्या माणसानं फोनवर रेंजकडं बोट केलं. आता टॉवरला जाऊन विचारायचं.

हा अकरा हजारांचा मामला आहे. पण याच साच्यात जन्मठेपही बसते, आणि ती बसल्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्याला जा.

जून २००८. पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका विद्यार्थिनीला आणि तिच्या नवऱ्याला जन्मठेप दिली. आरोप असा, की तिनं आधीच्या नियोजित वराला प्रसादातून आर्सेनिक घातलं. खटल्यात दुसराही पुरावा होता, निव्वळ एका चाचणीवर शिक्षा झाली असं मी म्हणत नाही. पण निकालपत्रात एका चाचणीला मोठी जागा मिळाली होती, आणि जगभर चर्चा झाली ती तिचीच. नाव ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर. बंगळूरच्या निम्हान्समध्ये काम केलेल्या डॉ. चंपाडी मुकुंदन यांनी ती बनवली. डोक्यावर तारांची टोपी घालतात. आरोपीनं गप्प बसायचं. समोरनं वाक्यं ऐकवतात, तीही प्रथमपुरुषी: मी आर्सेनिक आणलं, मी त्याला भेटले. मेंदूतल्या विजेच्या लाटा सॉफ्टवेअर मोजतं आणि सांगतं, ही गोष्ट या माणसानं नुसती ऐकलेली आहे की स्वतः केलेली आहे. आरोपी एक अक्षर बोलत नाही. त्याच्या वतीनं सॉफ्टवेअर कबुली देतं.

आता पुढं बघा. याच चाचणीची तपासणी करायला निम्हान्सचे संचालक डॉ. डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली होती. तिचं म्हणणं त्याच वर्षी, २००८ मध्ये, बाहेर आलं. चाचणी शास्त्रीय नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरू नये. म्हणजे ज्या संस्थेतनं कल्पना निघाली तिथल्याच प्रमुखांनी ती नाकारली, पण तोवर शिक्षा लागलेली. त्या बाईला पुढं मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या असल्या चाचण्या माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाहीत, आणि मर्जीनं केल्या तरी त्यांचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे.

ती बाई दोषी की निर्दोष हा निवाडा करणं माझं काम नाही. माझा प्रश्न दुसरा. ज्या साधनानं कोर्टाचं मन बनवायला हातभार लावला ते साधन तज्ज्ञांनी निकामी ठरवल्यावर, ते विकणारा, वापरणारा, त्याचा अहवाल सहीनिशी कोर्टात देणारा, यातला कोण कोणापुढं उभा राहिला? आणि टोपी काही मोडीत निघाली नाही. २०२० मध्ये हाथरसच्या प्रकरणात आरोपींना गांधीनगरला नेऊन हीच चाचणी केली. तिथं आरोपी सवर्ण होते आणि मेलेली पोरगी आपली होती. तरी मला ती टोपी मान्य नाही. आज ती त्यांच्या डोक्यावर आहे म्हणून टाळ्या वाजवल्या तर उद्या ती आपल्या वस्तीत येईल तेव्हा तोंड नसेल.

इंग्लंडचं प्रकरण तुमच्यातल्या पुष्कळांनी वरवर ऐकलं असेल. नीट ऐकण्यासारखं आहे. तिथल्या टपाल खात्याच्या कंपनीनं १९९९ पासून गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा बसवली. बनवणारी कंपनी फुजित्सूच्या मालकीची होती. यंत्रणा दाखवायची, हिशेबात तूट. कंत्राटात लिहिलेलं, तूट पोस्टमास्तरानं भरायची. लोकांनी घरं गहाण टाकून भरली. नाही भरता आली त्यांच्यावर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेवर माणसं दोषी ठरली, त्यातली सातशेच्या आसपास टपाल कंपनीनं स्वतःच फिर्यादी होऊन दोषी ठरवली. एक भारतीय वंशाची बाई, पोटात आठ आठवड्यांचं मूल, तिला २०१० च्या नोव्हेंबरात पंधरा महिन्यांची शिक्षा झाली.

मदतीच्या फोनवर त्यांना काय सांगितलं जायचं? "असं फक्त तुमच्याच कचेरीत होतंय." प्रत्येकाला हेच. शेकडो माणसं, आणि प्रत्येक जण आपापल्या गावात एकटा चोर. माझ्या पोराला मी जे सांगितलं ते याच्यापेक्षा वेगळं होतं का? मी त्याला एकटा पाडला. तो दुसऱ्या लाइनचा एजंट भेटेपर्यंत तो एकटाच होता. तिथंही गाडी फिरली ती लोक एकमेकांना भेटल्यावर. २००९ मध्ये त्यांनी संघटना बांधली, ५५५ जणांनी मिळून दावा लावला, २०१९ मध्ये न्यायमूर्तींनी सांगितलं की यंत्रणा विश्वासार्ह नव्हती. तडजोडीत पावणेसहा कोटी पौंडांच्या आसपास मिळाले, आणि वकील व दाव्यात पैसा लावणारे यांचं देऊन लोकांच्या हातात एक कोटी वीस लाखांच्या घरात उरले. भरपाईच्या आकड्याला भुलू नका म्हणतो ते यासाठी. पुढं मे २०२४ मध्ये पार्लमेंटनं कायदाच करून त्या शिक्षा पुसल्या, आणि शिक्षा पुसलेल्या माणसाला सहा लाख पौंड एकरकमी घेण्याची सोय झाली. जुलै २०२५ मध्ये चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड आला. त्यात नोंद आहे की या पायी किमान तेरा माणसांनी जीव दिला असावा. तो खंड येईपर्यंत यंत्रणा बनवणारा किंवा वापरणारा एकही जण आरोपी म्हणून कोर्टात उभा राहिला नव्हता.

आणखी एक. २०२३ मध्ये त्या कंपनीचा एक जुना कागद बाहेर पडला. संशयितांची वर्गवारी करायचा. त्यात काळ्यांसाठी 'निग्रॉइड' असा शब्द आणि भारतीय-पाकिस्तानी, चिनी-जपानी अशी 'नमुन्यांची' यादी होती. यंत्राला जात कळत नसेल. यंत्रानं दाखवलेल्या आकड्यावर चोर कोणाला म्हणायचं हे ठरवणाऱ्याला कळते.

हे आपल्याला नवं नाही मित्रांनो. मशीनच्या आधी वही होती. कुलकर्ण्याची वही, सावकाराची वही. अंगठा उठवणाऱ्याला वही वाचता येत नव्हती, आणि "वहीत लिहिलंय" म्हणलं की बोलणं संपलं. जोतिरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कारकुनांच्या कागदी लबाड्यांचा पाढाच वाचला आहे. त्याच्या आधी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आणि मग नगरकडं शेतकरी उठले तेव्हा ते सावकाराचा जीव घ्यायला नव्हे, कर्जरोखे जाळायला धावले. त्यांना ठाऊक होतं की मारणारा हात कागदाचा आहे.

आणि गंमत बघा, इंग्रजांच्या कायद्याला सुद्धा त्या वहीचा भरवसा नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याचं ३४ वं कलम काढून वाचा. धंद्यात नेमानं ठेवलेल्या हिशेबवहीतल्या नोंदी पुराव्यात येतील, पण तेवढ्याच नोंदींवर कोणावर देणं लादता येणार नाही. दंग्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यानं कोर्टाला कर्जरोख्याच्या मागं जाऊन मुळात दिले किती, घेतले किती हे तपासायची मुभा दिली. सही आहे, अंगठा आहे, एवढ्यावर थांबू नका. दीडशे वर्षांपूर्वी, शेतकऱ्यानं रोखे जाळल्यावर का होईना, हे शहाणपण कायद्यात आलं होतं.

मग मशीनच्या वेळी ते कुठं गेलं? इंग्लंडात १९८४ च्या कायद्यात अट होती, की संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्यानं दाखवायचं. १९९९ मध्ये ती अट काढून टाकली. तेव्हापासून कोर्ट धरून चालायचं की संगणक बरोबर आहे, चूक असेल तर आरोपीनं दाखवावी. नेमकी त्याच वर्षी होरायझन कचेऱ्यांत बसायला लागली. आरोपीच्या हातात काय होतं? आतली यंत्रणा कंपनीची, नोंदी कंपनीच्या, तज्ज्ञ कंपनीचा.

आपल्याकडं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुनं ३४ वं कलम त्यात २८ वं होऊन आलं, हे चांगलं. आणि ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग नोंद आणणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात हॅश नावाचा एक लांबलचक आकडा लिहितात. हॅश जुळला की नक्कल मुळाबरहुकूम आहे. छान. झेरॉक्स मूळ कागदासारखीच आहे. पण मूळ कागदच खोटा असेल तर? माझ्या पोराच्या मशीनचा हॅश काढला असता तर तो तंतोतंत जुळला असता. अकरा हजार चारशे.

बाहेरनं कोणी मशीनमध्ये कागद सरकवला तर काय होतं ते भीमा कोरेगावच्या खटल्यात समोर आलं आहे. रोना विल्सन आणि ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत व्हायरसमार्फत फायली ठेवल्या गेल्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल या खासगी प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये सांगितलं. तपास यंत्रणेनं ते मानलं नाही. खटला उभा राहायच्या आतच फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कैदेत असताना गेले. 'विद्रोही'चे सुधीर ढवळे २०१८ च्या जूनपासून आत होते, त्यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. खटल्याचा निकाल लागायचा तसा लागो, ही साडेसहा वर्षं कोणत्या खात्यावर मांडायची?

इथं मूळ प्रश्नावर येतो. आपल्यातले धम्म वाचणारे मला सांगतील, की बुद्धानं चेतनेला कर्म म्हटलं. हेतू नसेल तर दोष कसा? ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याला कोणाला तुरुंगात घालायचं नव्हतं. मॅनेजरला खरंच वाटत होतं की पोरानं पैसे खाल्ले. कायदाही बराचसा याच बाजूचा. आपल्या ॲट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर खोटी, द्वेषानं किंवा त्रास द्यायला केलेली फिर्याद हा गुन्हा आहे. मशीनला द्वेष कुठनं आणायचा?

मी यावर पुष्कळ दिवस अडलो होतो. मग बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पुन्हा उघडलं. गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत त्यांनी का मोडून काढला? तर गरिबाच्या, दलिताच्या दैन्याची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग त्यांना दिसला म्हणून. तुझं हे असं का? तुझ्या गेल्या जन्मीच्या नोंदी. त्या नोंदी कोणी बघितल्या? कोणीच नाही. तपासता येतात? नाही. चूक दुरुस्त होते? नाही. आता या जागी मशीन ठेवून बघा. "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय." रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा हेच ऐकतो. न दिसणारी वही, न तपासता येणारी नोंद, आणि शिक्षा मात्र या जन्मी, या देहाला. आपण १९५६ ला एक चित्रगुप्त सोडून आलो आणि आता वायरवाला दुसरा आपल्या दारात आणून बसवलाय.

म्हणून चेतनेचा प्रश्न मी असा मांडतो. चूक होणं हे पाप नव्हे. भाकरी करताना तवा जास्त तापतो तशी चूक कोणाच्याही हातनं होते. पण चुकीची पहिली तक्रार कानावर आली त्या क्षणापासून हिशेब बदलतो. पहिल्या तक्रारीनंतर तू दुसऱ्याला सांगितलंस, "फक्त तुझ्याच मशीनमध्ये असं होतं", ती चेतना. तपासलं तर महागात पडेल म्हणून तपासलं नाहीस, ती चेतना. न बघायचं ठरवणं हे सुद्धा ठरवणंच आहे. गावात कोणी कोणाला न शिवता, न बघता शेकडो वर्षं जगलं, त्यांना विचारलं तर तेही म्हणतील आमच्या मनात काही नव्हतं.

आणि जिथं खरोखर कोणाच्या मनात काही नव्हतं तिथं? तिथं हेतूची मोजपट्टीच बाजूला ठेवावी. ही काही माझ्या डोक्यातली हवा नाही. भोपाळनंतर, दिल्लीत ओलियम वायू गळला त्या एम. सी. मेहता प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये ठरवून दिलं, की धोक्याचा धंदा करून नफा कमावतो त्यानं अपघात झाला तर भरपाई द्यावी, मग निष्काळजीपणा असो वा नसो. वायू फुप्फुसात जातो म्हणून तो धोका आणि सॉफ्टवेअर माणसाला जेलात घालतं म्हणून ती नुसती सेवा, असं कसं? ज्याला मशीनच्या शब्दाचा फायदा पाहिजे त्यानं मशीनच्या शब्दाचा तोटाही घ्यावा. पोलिसांच्या हाती आता नवं काय काय येतंय. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मार्वल नावाची स्वतंत्र कंपनीच काढली, पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवायला. या देशात १८७१ पासून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार म्हणून रजिस्टरात चढवल्या होत्या. तो कायदा १९५२ ला गेला, सवय गेली का? जुनी रजिस्टरं आणि जुने कागद खाऊन जे मशीन मोठं होईल ते कोणाच्या पाड्याकडं बोट दाखवेल, हे सांगायला तज्ज्ञ समिती नको.

आता भरपाईचं. चुकून शिक्षा भोगलेल्याला भरपाईचा हक्क देणारा कायदा या देशात आजही नाही. १९७९ मध्ये भारत नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, तेव्हा बेकायदा अटकेच्या भरपाईच्या कलमावर हात राखूनच. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात कायदा करा म्हणून सांगितलं, तो अहवाल कपाटात आहे. विनाकारण अटक करवली तर करवणाऱ्याकडनं भरपाई मिळण्याचं एक कलम आहे खरं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९९ वं. कमाल मर्यादा एक हजार रुपये. बाकी सगळं कोर्टाच्या मनावर. १९८३ मध्ये बिहारचा एक माणूस निर्दोष सुटूनही चौदा वर्षं आत राहिला, त्याला पस्तीस हजार. २०१८ मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना पन्नास लाख. ते मिळायलाच हवे होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पण २०१९ चं आपलं बघा. २००३ मधला नाशिककडचा खून-बलात्काराचा गुन्हा. भटक्या जमातीची सहा मजूर माणसं धरली. साक्षीदार बाईनं फोटोंमधनं वेगळीच चार माणसं ओळखली होती, ते पोलिसांनी पुढं येऊ दिलं नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं. नंतर कळलं, त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला राज्याला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. मी कागदावर भागाकार केला. दिवसाला शहाऐंशी रुपये. मरणाच्या कोठडीतल्या दिवसाला. तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांना हुडका, असंही कोर्टानं सांगितलं होतं, आणि मला विचाराल तर त्या निकालातलं मोलाचं वाक्य पाच लाखांचं नाही, ते आहे. तिथं मशीन नव्हतं, माणसांनीच केलं, म्हणून हुडकायला निदान माणसं तरी होती. मशीन मधे आलं की तेवढंही राहत नाही.

आमच्या विरार लोकलवाल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. ११ जुलै २००६ ला याच लाइनवर डबे फुटले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बाराच्या बारा आरोपी निर्दोष ठरवले. सरकार वर गेलं, सर्वोच्च न्यायालयानं निकालाचा दाखला देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. एकोणीस वर्षांनी गेलेल्यांच्या घरच्यांकडं उत्तर नाही आणि सुटलेल्यांकडं वर्षं नाहीत. खोट्या शिक्षेचा मार एकाच घरावर पडत नाही.

भरपाई या शब्दाचा आपल्याला अनुभव आहे. दोन लाख घे आणि मिटव, हे प्रत्येक तालुक्यात ऐकू येतं. २००६ च्या खैरलांजीनंतर सरकारनं मदत दिली, आणि २००८ च्या निकालात ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. म्हणजे पैसे दिले आणि कारण लपवलं. ज्या पैशाबरोबर "हे आम्ही केलं, असं केलं, यानं केलं" हा कागद येत नाही तो पैसा भरपाई नव्हे, तो तोंडावरचा हात आहे. तो घेऊ नका असं मी म्हणणार नाही. डोरलं सोडवायचं असतं. पण घेतला म्हणून बोलणं थांबवायचं नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या हापिसात गेलो. मी, पोरगा आणि तो भांडखोर एजंट. मी जाताना आकडा तयार ठेवला होता, अकरा हजार चारशे, त्यावर सोनाराचं व्याज, त्यावर बुडालेलं कमिशन. मॅनेजर या वेळी नरम होता. म्हणाला, मीटिंगमध्ये विषय झालाय, रक्कम तीन हप्त्यांत देऊ. मला वाटलं जिंकलो. मी उठायला लागलो.

पोरगा बसून राहिला. म्हणाला, "साहेब, ते माझं पत्र?"

"कसलं पत्र?"

"मी लिहून दिलेलं. पैसे खर्च झाले म्हणून."

मॅनेजर म्हणाला, ते फाइलला लागलंय, फाइलमधला कागद काढता येत नाही. नियम आहे. पोरगा म्हणाला, मग त्याच्यावर दुसरा कागद लावा. मशीन चुकलं होतं, असा. तुमच्या सहीचा.

सहीचं नाव काढल्यावर खोलीत शांतता झाली. तीन हप्ते चालत होते, सही चालत नव्हती. हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हणाले. खाली उतरल्यावर मी पोराला म्हणालो, "चुकलं माझं. तेव्हा मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही." तो काही बोलला नाही. बराच वेळ चालल्यावर म्हणाला, "दादा, तुम्ही पण लिहून द्याल का?"

दिलं. हे त्यातलंच आहे. सोमवारी परत जायचं आहे, या वेळी दुसऱ्या दोन लाइनचे एजंटही येतो म्हणालेत.